ब्रेक मारला की पुढून ‘खट्ट’: पिकअपचा आवाज कसा सापडला

आवाज असा होता: ब्रेकवर पाय पडला, गाडीचं नाक जरा झुकलं, की पुढच्या अंगाला डावीकडून ‘खट्ट’. एकदाच. पायडल तसंच दाबून धरलं तर पुढे काही नाही, गाडी गुपचूप थांबायची. पाय सोडताना कधीकधी एक बारीक ‘टक्’. आणि रिव्हर्स घेऊन मग पुढे निघालो, ब्रेक मारला, तर सगळ्यात मोठा.

हे इतकं बारकाईनं सांगतोय, कारण अर्धं निदान यातच होतं. ‘पुढून आवाज येतोय’ एवढंच सांगून गाडी गॅरेजात सोडली तर समोरचा माणूस त्याच्या सवयीची वस्तू बदलून मोकळा होतो. आवाज कधी येतो, किती वेळा येतो, कशानंतर मोठा होतो आणि कुठे जाणवतो, हे मालकानंच नीट टिपून ठेवलं पाहिजे. गाडीत रोज तोच बसलेला असतो.

आमची पिकअप भाड्यानं चालते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायचे. सीझनला मार्केट यार्डातला कांदा, मध्येच तुळजापूर, कधी उमरगा. गाडी मी सेकंडहँड घेतलेली. मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, आणि स्प्रिंगच्या जागी चेसिसच्या कडेनं मागं गेलेला टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी लोखंडी दांडी. पुढे डिस्क, मागे ड्रम. ज्यांच्या गाडीला पुढंही पाटेच आहेत त्यांना आर्मऐवजी पाट्याचे बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी-लोखंडी नळ्या), शॅकल आणि यू-बोल्ट बघावे लागतील. शोधायची रीत मात्र तीच.

शहरात हा आवाज महिनाभर खपून गेला असता. तुळजापूरहून भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना तो खपेना. वळणाच्या आधी ब्रेक लावला की खट्ट, आणि त्याच क्षणी स्टिअरिंग हातात किंचित डावीकडे ओढल्यासारखं व्हायचं. आवाज आणि ओढ एकाच वेळी येतायत म्हणजे नुसतं काहीतरी सैल वाजत नाहीये, ब्रेक मारताना चाकाची जागा हलतेय. हे लक्षात आल्यावर मी भरलेली गाडी घाटाला नेणं बंद केलं. दोन-तीन भाडी हातची गेली. पण खालचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मला चाकाशी जोडणारा गोळ्याचा सांधा, निसटला तर चाक आडवं पडतं, आणि कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, बोल्ट गळाला तर ब्रेकच जातो. आवाज या दोन्हींतून येत नाही याची खात्री होईपर्यंत भरलेली गाडी उतारावर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाडं परत मिळतं.

पहिल्या गॅरेजात चाक काढलं, पॅड अर्धे झिजलेले दिसले, नवे टाकले. गेटबाहेर पडून पहिल्याच स्पीडब्रेकरला आवाज हजर. पॅडवर संशय घेण्यात तसं गैर काही नव्हतं. पॅड ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो तिथं पातळ स्टीलच्या क्लिपा असतात. त्या गळाल्या किंवा ढिल्या पडल्या की पॅड खाचेत मागेपुढे सरकतो, आणि दिशा बदलून ब्रेक मारला की एकदाच वाजतो. अगदी आमच्यासारखं लक्षण. फरक आवाजाच्या जातीत आहे. पॅडचा आवाज बारीक, पत्र्यासारखा, आणि पायडल नुसतं टेकवलं तरी येतो. आमचा जड होता आणि गाडीचं वजन पुढं आल्याशिवाय यायचा नाही. पॅड बदलण्याआधी हातानं हलवून बघितले असते तर हे तिथंच कळलं असतं. नवे पॅड काही वाया गेले नाहीत, कधीतरी लागणारच होते. पण वस्तू बदलून आवाज शोधायची ही पद्धत मला पटत नाही. त्यात पैसे जातात आणि समजत काहीच नाही.

मग मीच एकेक गोष्ट बाद करत बसलो.

सगळ्यात आधी सीटमागचा जॅक, पाना, टॉमी (लोखंडी पहार), साखळी, सगळं बाहेर काढलं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण ब्रेक मारला की पुढे सरकून केबिनच्या पत्र्यावर आपटणारा जॅक अगदी असाच आवाज देतो. मागची स्टेपनी घट्ट केली. लोडबॉडी ज्या बोल्टांनी चेसिसला धरलेली असते ते तपासले, कारण ते ढिले पडले की ब्रेकच्या धक्क्यानं अख्खी बॉडी पुढं सरकते आणि आवाज चेसिसमधून धावत पुढं येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पुढच्या चाकातूनच आला. लोखंडातून आवाज किती लांब जातो याचा आपल्याला अंदाज नसतो.

मग न्यूट्रलची परीक्षा. गाडीला थोडा वेग दिला, न्यूट्रल केली आणि ब्रेक मारला. आवाज तस्साच. म्हणजे इंजिनाची ओढ मागच्या चाकांना नेणारा प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, मधलं बेअरिंग, इंजिन-गिअरबॉक्सची फाउंडेशन, हे सगळं बऱ्यापैकी बाजूला झालं. तिथला आवाज बहुतेक वेळा इंजिनाची ओढ बदलताना येतो, गिअर काढला की मरतो. त्यानंतर अगदी हळू वेगात, मोकळ्या रस्त्यावर, नुसता हँडब्रेक ओढून गाडी थांबवली. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. आवाज नाही. पायब्रेकनं त्याच वेगात थांबवली, आवाज आला. म्हणजे पुढच्या चाकांना ब्रेक लागल्याशिवाय तो येत नाही. एवढ्यानं अर्धी गाडी संशयातून सुटली.

डावीकडून की उजवीकडून हे ठरवायला जरा त्रास झाला. एमआयडीसीत दिवसा लूमचा खटखटाट एवढा असतो की गाडीतला आवाज ऐकू येणं शक्यच नाही. रात्री एका बंद कारखान्याच्या लांब कंपाउंड भिंतीला लागून गाडी चालवली, त्या बाजूची काच खाली. भिंतीवर आपटून आवाज परत कानात येतो आणि बाजू कळते. जाताना डावीकडे भिंत, येताना उजवीकडे. डावीकडे भिंत असताना तो सरळ कानाखाली वाजल्यासारखा आला. शिवाय आवाजाचा धक्का ना पायडलमध्ये लागत होता ना स्टिअरिंगमध्ये. तो पायाखालच्या पत्र्यात लागत होता. पायडलमध्ये जाणवला तर कॅलिपर किंवा डिस्ककडे बघायचं, स्टिअरिंगच्या चाकात जाणवला तर टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) आणि स्टिअरिंग बॉक्सकडे, पायाखाली जाणवला तर आर्मचे बुश आणि ज्या आडव्या मेंबरला ते बसतात तिकडे. हे काही पक्कं गणित नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

एवढी सगळी माहिती घेऊन मी विडी घरकुल वसाहतीकडच्या अण्णांकडे गेलो. अण्णांची गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा, एक हायड्रॉलिक प्रेस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, “चला, एक चक्कर मारू. तुम्हीच चालवा, मालक. मी बसतो.” ते सीटवर बसले आणि चप्पल काढून उघडा पाय डाव्या कोपऱ्यातल्या पत्र्यावर ठेवला. एका ब्रेकमध्ये मान हलवली. परत या म्हणाले.

गाडी जॅकवर घेतली. चाक वरखाली धरून हलवलं, मग डावं-उजवं. वरखाली हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं हललं तर टाय रॉड. दोन्ही घट्ट. मग त्यांनी जॅक चेसिसखालून काढून खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावला, आणि टायरखाली टॉमी घालून चाक उचकटून बघितलं. टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला असला की त्या आर्मचा बॉल जॉइंट नेहमी भाराखाली असतो. गाडी चेसिसवर उचलली तर आर्म खाली लोंबतो, बार जॉइंटला दाबून धरतो आणि सैलपणा लपतो. आर्मखाली जॅक लावला की तो भार सुटतो आणि खरा प्ले हाताला लागतो. आमचा जॉइंट चांगला निघाला. कॅलिपरचे बोल्ट पान्यानं बघितले, घट्ट. स्लाइड पिना मोकळ्या चालत होत्या, पण डुलत नव्हत्या. स्टॅबिलायझरची लिंक सोडून एक चक्कर मारली, आवाज तसाच. शॉकॲब्सॉर्बरचा वरचा बुश हातानं दाबून बघितला.

मग आर्मच्या बुशात टॉमी घालून जोर लावला. काहीच हललं नाही. अण्णांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, “बुश ओके हाय, अण्णा.” अण्णा म्हणाले, “लटकलेल्या गाडीत काय कळतंय? खाली घे.”

यापुढचं मी डोळ्यांनी बघितलं. गाडी खड्ड्यावर घेतली, चारी चाकं जमिनीवर. अण्णांनी खालच्या आर्मचा पुढचा बुश जिथं ब्रॅकेटमध्ये बसतो तिथली माती ब्रशनं झाडली आणि खडूनं एक आडवी रेघ ओढली, अर्धी ब्रॅकेटवर, अर्धी आर्मवर. पोरगा गाडीत बसला. मला त्यांनी खड्ड्यात उतरवलं, हातात टॉर्च दिला. “चाकाखाली हात घालू नका, डोकं लांब ठेवा, रेघेकडं बघा.” पोरानं गाडी वीतभर पुढं घेतली आणि ब्रेक दाबला. खट्ट. रेघ तुटली. आर्मवरचा तुकडा मागं सरकला, ब्रॅकेटवरचा तिथंच. मधलं अंतर अंगठ्याच्या नखाएवढं असेल. ब्रेक सोडला, तुकडा थोडा परत आला. रिव्हर्स, ब्रेक: पार पुढं. पुन्हा पुढं, ब्रेक: खट्ट. रेघ जिथं सरकत होती तिथं ब्रॅकेटच्या आतल्या कडेला घासून चकाकी आली होती, नव्या नाण्यासारखी, आणि तिच्याखाली काळी रबराची भुकटी साठली होती. उजव्या बाजूला तीच रेघ ओढून तेच केलं. तिकडे रेघ जराशी वाकायची आणि परत सरळ व्हायची. रबर चांगलं असलं की असंच दिसतं.

टॉमीनं जे हललं नाही ते ब्रेकनं का हललं, हे मी अण्णांना विचारलं आणि नंतर स्वतः कागदावर मांडून बघितलं. ब्रेक मारला की जमीन टायरला मागं ढकलते. कॅलिपर चाकाच्या नकलवर (‘नकल’ म्हणजे दोन्ही आर्मच्या मधला, चाक धरणारा लोखंडी भाग) बसलेला असल्यामुळे तो नकललाही चाकाबरोबर फिरवायला बघतो. त्यामुळे खालचा आर्म मागं रेटला जातो आणि वरचा पुढं. समजा, खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून २० सेंटिमीटरवर आहे आणि वरचा ५० सेंटिमीटरवर. एका चाकावर ३०० किलो भाराइतका ब्रेक लागला तर खालच्या आर्मवर ५०० किलोइतका रेटा मागं येतो, आणि वरच्यावर २०० किलोचा पुढं. म्हणजे खालच्या आर्मला ब्रेकच्या जोरापेक्षाही जास्त सोसावं लागतं. हातातल्या टॉमीनं एवढा रेटा येत नाही. त्यात गाडी लोंबकळत असताना आर्म खालच्या स्टॉपरवर टेकलेला, बुश एका अंगाला पिळून घट्ट झालेला. मोकळी जागा असूनही ती हाताला लागत नाही. आवाज ज्या भाराखाली येतो तोच भार देऊन बघितल्याशिवाय तो दिसणार नाही. या सगळ्या धडपडीतून मी घेतलं ते एवढंच, आणि ते फक्त बुशालाच लागू आहे असं नाही.

आर्म उतरवायच्या आधी अण्णांनी टॉर्शन बार आणि त्याच्या ॲडजस्टरवर खुणा केल्या, ॲडजस्टिंग बोल्टाची आट्याबाहेर आलेली लांबी मोजून भिंतीवर लिहिली, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपनं घेतली. मगच बारचा ताण उतरवला. ताणलेला टॉर्शन बार हा चेष्टेचा विषय नाही. त्याच्या बोल्टाला घाईनं हात लावणाऱ्या मेस्त्रीकडे मी गाडी देणार नाही.

बुश बाहेर आला तेव्हा सगळं उघड झालं. आतली लोखंडी नळी, बाहेरची लोखंडी नळी, आणि मधे दोन्हींना चिकटवलेलं रबर. ते रबर आतल्या नळीपासून गोल गोल सुटलं होतं. नळी बोटानं फिरत होती. वरून, म्हणजे गाडीत बसलेला असताना, फक्त रबराची धड दिसणारी कडा दिसायची. इथला उन्हाळा रबराला सोडत नाही हे खरं, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि डांबराची धग वेगळीच. पण उजवीकडचा बुश त्याच उन्हात होता आणि टिकला होता. अण्णांनी सांगितलेलं कारण मला जास्त पटलं. डावीकडचा बोल्ट आणि वॉशर उजवीकडच्यापेक्षा नवे दिसत होते, म्हणजे हा बुश आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी बदललेला होता, आणि बोल्ट बहुधा गाडी जॅकवर असतानाच आवळलेला होता.

हा मुद्दा जरा थांबून वाचावा. असा बुश बोल्टावर फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये गच्च धरली जाते, आणि आर्म वरखाली होतो तेव्हा मधलं रबर पिळलं जातं, परत सुटतं. ज्या उंचीवर बोल्ट आवळला ती त्या रबराची आरामाची जागा. आर्म लोंबकळत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताक्षणी रबराला पीळ बसतो आणि उभ्या गाडीतही तो सुटत नाही. त्यावर रोजचे खड्डे आणि ब्रेक. असं रबर लवकर फाटणारच. म्हणून बोल्ट आधी हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवायची, आणि मग कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला, आवळायचे. गाडीखाली आडवं होऊन आवळायला त्रास होतो, म्हणून बरेच जण टाळतात. आपण समोर उभं राहून करून घ्यावं.

नवे बुश दोन्ही बाजूंना टाकले. जुने प्रेसवर काढले, नवे प्रेसवर बसवले; हातोड्यानं ठोकून बसवलेल्या बुशाची बाहेरची नळी वाकडी होते आणि आर्मचं भोकही खराब होतं. नव्या बुशावर दिशेची खूण होती, कारण रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या ठरावीक बाजूला यायला हव्यात. ती खूण जुळवूनच दाबले. पॉलियुरेथेनचे कडक बुश टाकावेत का, हेही विचारून घेतलं. भाड्याच्या गाडीला रबरच बरं, असं अण्णांचं म्हणणं आणि माझंही. ब्रॅकेट घासलेलं होतं पण बोल्टाचं भोक लांबट झालं नव्हतं. तसं झालं असतं तर वेल्डिंगचं काम निघालं असतं, आणि ते चेसिसचं चांगलं काम करणाऱ्याकडेच द्यावं लागतं.

बारचा ताण मोजमापाप्रमाणे परत दिला, उंची जुळली. त्यानंतर अलाइनमेंट. आर्म काढला म्हणजे चाकाचे कोन हलतातच. ती केली नाही तर टायर कडेनं खातो आणि दोष बुशाला जातो. खर्चाचं म्हणाल तर बुश स्वस्तात आले, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून त्याहून जास्त गेली. अख्खा आर्म बदला असं सुचवणारेही भेटले होते. बॉल जॉइंट धड असताना त्याची गरज नव्हती.

आणखी एक सांगतो, कारण हे आपल्याकडे सर्रास चालतं. बुशाच्या आवाजावर ग्रीस नाहीतर डिझेल मारून देतात. आवाज काही दिवस दबतो. पण तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिकटलेली जागा सुटायला लागते. इंजिनाचं ऑइल गळून बुशावर येत असेल तरी हेच होतं, आधी गळती बंद करावी.

काम झाल्यावर रिकाम्या गाडीनं भिंतीलगतच्या त्याच रस्त्यावर पुढं-मागं करून बघितलं, मग गठ्ठे भरून, आणि शेवटी घाटात. आवाज नाही, स्टिअरिंगची ओढही गेली. थोडं चालल्यावर अण्णांकडे नेऊन बोल्ट पुन्हा तपासून घेतले. खडूची रेघ दोन्ही बाजूंना ओढून ब्रेक मारून बघितला, दोन्ही रेघा वाकून जागेवर आल्या. उजवीकडच्या बॉल जॉइंटचं रबरी टोपण चिरायला लागलंय, आत अजून माती गेलेली नाही. कांद्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी तो बदलायचा आहे.